अंगाच्या साबणाचे उरलेले तुकडे: चिकटवावेत, वितळवावेत की आणखी कुठे वापरावेत?

मृणाल, धायरी

नमस्कार. आमच्या घरात लहानमोठी सहा माणसे आहेत आणि जवळपास प्रत्येकाचा साबण वेगळा आहे. सासूबाईंना चंदनाचा लागतो, सासरे वर्षानुवर्षे कडुनिंबाचा वापरतात, मुलांना पारदर्शक ग्लिसरीनचा आवडतो आणि दिवाळीत अभ्यंगस्नानासाठी आणलेल्या मोती साबणाच्या गोल वड्या पुढे कितीतरी दिवस पुरतात. वडी झिजून पापुद्र्याएवढी झाली की ती हातातून निसटते, अंगाला लावताना मोडते आणि मग कोणीतरी नवी वडी उघडते. हे तुकडे टाकून देणे माझ्या जिवावर येते, म्हणून मी ते न्हाणीघरातल्या फळीवरच्या एका डब्यात साठवते. तो डबा आता काठोकाठ भरला आहे.

या तुकड्यांचे काय करावे याविषयी जे सल्ले मिळतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत. एक मैत्रीण सांगते की सगळे किसून पाण्यात उकळावेत आणि हात धुण्याचा पातळ साबण करून ठेवावा. जाऊबाईंचे म्हणणे असे की वितळवून साच्यात ओतले की नवी वडी तयार होते. शेजारच्या काकू ते सरळ कपड्यांच्या मशीनमध्ये टाकायला सांगतात. माझे मूळ प्रश्न दोन आहेत. निरनिराळ्या जातींचे साबण एकत्र केलेले चालतात का? आणि या खटाटोपात जो गॅस आणि जो वेळ जातो, तो वाचलेल्या साबणाच्या मानाने परवडतो का? आमच्या सोसायटीत पिण्यापुरते महापालिकेचे पाणी येते, वापरायला बोअरवेलचे पाणी असते आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो. पाण्याचा या गोष्टीशी काही संबंध येत असल्यास तेही कृपया लिहावे. नुसती कृती न सांगता तिच्यामागचे कारणही कोणी सांगितले, तर फार बरे होईल.

अनघा, सदाशिव पेठ

मृणालताई, वितळवण्याच्या वाटेला जाण्याआधी जुना तुकडा नव्या वडीला चिकटवण्याची साधी पद्धत नीट करून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्यात गॅस लागत नाही, भांडे अडकत नाही, आणि साबण ज्या कामासाठी आणलेला असतो त्याच कामी तो शेवटपर्यंत येतो. पुष्कळ जण ‘आमच्याकडे तुकडा चिकटतच नाही’ असे म्हणतात, पण तो न चिकटण्याचे कारण बहुतेक वेळा घाई हेच असते.

नव्या कोऱ्या वडीचा पृष्ठभाग कडक आणि गुळगुळीत असतो, शिवाय तिच्यावर नाव कोरलेले असते. वाळलेला तुकडा तिच्यावर दाबला, तर अक्षरांच्या खाचांमध्ये पाणी आणि हवा अडकून राहते आणि दुसऱ्या दिवशी तो तुकडा अलगद सुटून येतो. म्हणून नवी वडी आधी काही दिवस तशीच वापरावी. अक्षरे पुसट झाली आणि वडीच्या एका बाजूला किंचित खोलगटपणा आला, की ती जोडण्याजोगी झाली असे समजावे. ज्या दिवशी जोडायचे त्या रात्री, सर्वांचे हातपाय धुऊन झाल्यावर, जुना तुकडा पाच-दहा मिनिटे पाण्यात भिजत ठेवावा आणि नवी वडीही ओल्या हाताने चोळून घ्यावी. दोन्हींचे पृष्ठभाग बोटाला मऊ आणि बुळबुळीत लागले पाहिजेत, कारण तो मऊ थरच वाळल्यावर दोघांना धरून ठेवतो. मग तुकडा खोलगट बाजूवर ठेवून मधून कडेकडे अंगठ्याने दाबत जावे, म्हणजे आतली हवा निघून जाते. कडेने बाहेर आलेला साबण बोटाने फटीत लिंपावा आणि वडी रात्रभर जाळीच्या साबणदाणीत, पाणी उडणार नाही अशा जागी ठेवावी. सकाळी सांधा डोळ्यांना दिसतो, पण नखाने उचकटत नाही.

पावसाळ्यात मात्र धीर धरावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या दमट हवेत साबण रात्रीत वाळत नाही, आणि अर्धवट ओला सांधा पहिल्याच आंघोळीला सरकतो. त्या दिवसांत जोडलेल्या वडीला दोन रात्री विश्रांती द्यावी आणि तोवर दुसरी वडी वापरावी. शक्यतो एकाच जातीचा तुकडा एकाच जातीच्या वडीला जोडावा. चंदनाला चंदन, कडुनिंबाला कडुनिंब. निराळ्या जातींचे जोडले तर एक आधी झिजतो, दुसरा मागे राहतो आणि मध्ये कंगोरा उभा राहतो.

जे तुकडे इतके बारीक झाले आहेत की जोडताही येत नाहीत, त्यांच्यासाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी उत्तम. वेलावरच पिकून वाळलेल्या घोसाळ्याची साल आणि बिया काढल्या की आत जो जाळीदार काथ्या राहतो, त्याला एका बाजूने उभी चीर देऊन आत तुकडे भरावेत. ओली करून चोळली की भरपूर फेस येतो आणि खुंटीला टांगली की ती लवकर निथळते. सुती कापडाची पुरचुंडी मी मुद्दाम सुचवत नाही, कारण ती आत ओलीच राहते आणि तिला कुबट वास येऊ लागतो. बाजारात लसूण ज्या प्लॅस्टिकच्या जाळीत मिळतो, ती बेसिनपाशी हात धुण्यासाठी चालते. अंगाला मात्र ती बोचते.

वसंत (निवृत्त), चिंचवड

प्रश्नकर्तीने कारणे विचारली आहेत, त्यामुळे मी थोडे विस्ताराने लिहितो. माझी सारी नोकरी साबणाच्या उत्पादनात गेली आणि घरोघरी ‘साबण’ या एका नावाखाली किती निरनिराळे पदार्थ नांदतात, याची लोकांना कल्पना नसते असे मला नेहमी वाटत आले आहे. डब्यातले तुकडे एकत्र करण्याआधी ते वेगळे करायला हवेत.

खरा साबण म्हणजे तेलातील किंवा चरबीतील मेदाम्लांचा (फॅटी अ‍ॅसिडचा) सोडियम क्षार. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या अभिक्रियेतून साबण आणि ग्लिसरीन अशी दोन द्रव्ये तयार होतात. आंघोळीच्या साबणाच्या वेष्टनावर ‘टीएफएम’ (टोटल फॅटी मॅटर) म्हणून जो टक्का छापलेला असतो, तो या मेदाम्लांचे एकूण प्रमाण दाखवतो. भारतीय मानक 2888 प्रमाणे पहिल्या प्रतीच्या साबणात ते किमान 76 टक्के, दुसऱ्या प्रतीच्या साबणात 70 टक्के आणि तिसऱ्या प्रतीच्या साबणात 60 टक्के असावे लागते. ज्या वडीच्या वेष्टनावर ‘बेदिंग बार’ असे लिहिलेले असते, तिच्यात हे प्रमाण आणखी कमी असू शकते, आणि बाकीचा भाग भराव द्रव्यांचा किंवा कृत्रिम फेसकारकांचा असतो. काही महागड्या सौम्य वड्या तर जवळजवळ पूर्णपणे कृत्रिम फेसकारकांच्याच असतात. कपडे धुण्याची डिटर्जंटची वडी ही तर वेगळीच गोष्ट आहे. तिच्यात धुण्याचा सोडा आणि खनिज भुकटी असल्यामुळे ती त्वचेला सोसत नाही. तिचा तुकडा अंगाच्या साबणांत कधीही मिसळू नये. भांड्याच्या साबणाच्या वडीलाही हेच लागू आहे.

आता वितळवण्याविषयी. कारखान्यात साबणाचे कोरडे काप रुळांमध्ये पुन्हा पुन्हा दळले जातात, मग यंत्रातून दाबून अखंड दांडा काढला जातो आणि त्याच्या वड्या पाडल्या जातात. घरात आपण दाब देऊ शकत नाही, फक्त पाणी आणि उष्णता देऊ शकतो. म्हणून घरी पाडलेली वडी नेहमीच ओबडधोबड, सच्छिद्र आणि सुरुवातीला मऊ असते. ती वाईट नसते, पण बाजारातल्या वडीसारखी दिसावी अशी अपेक्षा ठेवू नये. ज्यांना करायचीच आहे, त्यांनी साबणासाठी वेगळी ठेवलेली किसणी घ्यावी आणि 100 ग्रॅम किसाला दोन ते तीन मोठे चमचे पाणी शिंपडून तो रात्रभर झाकून ठेवावा. घाईने भरपूर पाणी ओतले, तर वडी वाळताना आक्रसते आणि वाकडी होते. सकाळी स्टीलचे भांडे उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर किस गरम करावा. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये, कारण साबण अल्कधर्मी असतो आणि तो अ‍ॅल्युमिनियमला खातो. मिश्रण सतत घोटले की फेस होतो आणि तो फेस वडीत अडकून राहतो, म्हणून मधूनमधून फक्त खालीवर करावे. हे मिश्रण कधीच पाण्यासारखे पातळ होत नाही. ते शिऱ्यासारखे घट्ट झाले आणि किसाचे दाणे दिसेनासे झाले, की तेल लावलेल्या साच्यात चेपून भरावे आणि साचा दोन-चार वेळा ओट्यावर आपटावा. वडी दुसऱ्या दिवशी निघते, पण ती वापरण्याजोगी टणक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. पुण्यात हे काम मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत करावे.

पारदर्शक ग्लिसरीनचा साबण यात घालू नये. तो पारदर्शक राहावा म्हणून त्यात ग्लिसरीनसारखी द्रव्ये जास्त प्रमाणात ठेवलेली असतात, आणि ती हवेतले बाष्प ओढून घेतात. असा तुकडा मिसळलेली वडी चिकट राहते आणि दमट दिवसांत तिच्यावर पाण्याचे थेंब जमतात.

परवडते का, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे. 100 ग्रॅमच्या वडीचा शेवटी साधारण पाच ते दहा ग्रॅमचा तुकडा उरतो. एक नवी वडी पाडण्यासाठी निदान दहा-पंधरा तुकडे लागतात आणि त्यासाठी गॅस बराच वेळ पेटता ठेवावा लागतो. अनघाताईंनी सांगितलेल्या पद्धतीत तेवढाच साबण काहीही खर्च न होता वापरला जातो. डबा भरलेलाच आहे म्हणून वर्षातून एकदा वड्या पाडायला हरकत नाही, पण ती घराची नित्याची रीत करू नये.

पाण्याचा संबंध मात्र फार जवळचा आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून शहराला मिळणारे पाणी सौम्य आहे, त्यात साबणाला चांगला फेस येतो. बोअरवेलचे पाणी काळ्या बेसॉल्ट खडकाच्या फटींतून झिरपलेले असते आणि त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. हे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा पांढरट साका तयार करतात. बादलीच्या काठावर आणि फरशीवर जो चिवट राखाडी थर बसतो, तो हाच. जोवर पाण्यातले हे क्षार साक्यात अडकून संपत नाहीत, तोवर फेस येत नाही. तेवढा साबण नुसता वाया जातो. म्हणून तुकडे भिजवण्यासाठी, किंवा त्यांचे द्रावण करायचे झाले तर त्यासाठी, पिण्याचेच पाणी घ्यावे.

पातळ साबणाची कृती सोपी वाटते, पण तिच्यात एक मूलभूत अडचण आहे. बाजारातला हात धुण्याचा पातळ साबण एक तर पोटॅशियम क्षारांचा असतो किंवा कृत्रिम फेसकारकांचा. वडीचा साबण सोडियमचा असतो, आणि सोडियमचा साबण पाण्यात गरम असताना विरघळला तरी थंड होताना पुन्हा आतल्या आत गोठतो. एक लिटर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम किस उकळला, तर रात्री पातळ दिसणारे द्रावण सकाळी तारा सुटणाऱ्या बुळबुळीत गोळ्यात बदललेले आढळते. डिसेंबर-जानेवारीत तर हमखास. बाटलीचा पंप त्याने तुंबतो. शिवाय त्यात परिरक्षक (टिकवणारे द्रव्य) नसल्याने ते महिनोनमहिने साठवणे योग्य नाही. करायचेच असेल, तर आठवडाभर पुरेल इतकेच करावे आणि पंपाऐवजी रुंद तोंडाच्या बरणीत ठेवून चमच्याने घ्यावे. गार झाल्यावर दाट गोळा उरला, तर तो मोरीत ओतून देऊ नये. नळीत जाऊन तो घट्ट बसतो.

मृणाल, धायरी

अनघाताई आणि वसंतकाका, दोघांचेही मनापासून आभार. आज डब्यातले तुकडे वर्तमानपत्रावर पसरून वेगळे केले, तेव्हा त्यात भांड्याच्या साबणाच्याही दोन चकत्या निघाल्या. वेष्टने गेल्यामुळे तीन-चार तुकडे खरे साबण आहेत की कृत्रिम, हे कळत नाही. ते ओळखण्याचा काही घरगुती मार्ग आहे का? शिवाय सासरे विचारतात की द्रावणात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घातले तर ते अधिक चांगले स्वच्छ करेल का. आणि मशीनविषयी कोणीच लिहिले नाही.

वसंत (निवृत्त), चिंचवड

लिंबू किंवा व्हिनेगर मुळीच घालू नये. आंबट पदार्थ साबणातला सोडियम काढून घेतो आणि मेदाम्ले मोकळी होतात. मग पाण्यावर पांढरे तेलकट कण तरंगू लागतात, फेस मरतो आणि साबण म्हणून त्याचा काही उपयोग उरत नाही. लिंबाने तांब्याचे भांडे उजळते आणि साबणाने मळ जातो, हे दोन्ही खरे आहे, पण दोन्ही एकत्र केल्याने दोघांचेही काम होत नाही. मीठ घालून द्रावण दाट करण्याचा सल्लाही काही जण देतात. वडीच्या साबणाला तो लागू नाही, कारण मिठाने साबण पाण्यातून फुटून वर येतो. कारखान्यात साबण आणि ग्लिसरीन वेगळे करण्यासाठी खारे पाणी वापरले जाते, ते याच गुणामुळे.

कपड्यांच्या मशीनमध्ये अंगाचा साबण टाकू नये. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये फेस मर्यादित राहणे आवश्यक असते, आणि बोअरवेलच्या पाण्यात तयार होणारा साका कपड्यांच्या धाग्यांत व ड्रमच्या मागच्या बाजूस साचत जातो. टॉवेल त्याने राठ होतात. हाताने धुताना मात्र याच साबणाचा चांगला उपयोग होतो. शर्टाची कॉलर आणि बाहीची किनार यांवरचा मळ हा मुख्यतः अंगाच्या तेलाचा असतो आणि तो साबणाने लवकर सुटतो. तुकडा ओला करून तेथे चोळावा, दहा मिनिटांनी मऊ ब्रशने घासून खळबळावे आणि मग ते कपडे इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये घालावेत. तैलरंगाचे ब्रश रॉकेल किंवा टर्पेंटाइनने पुसून झाल्यावर साबणाच्या तुकड्यावर फिरवून धुतले, तर केस मऊ राहतात.

मेधा, कोथरूड

कुंडीतल्या झाडांविषयी लिहिते, कारण ‘साबणाचे पाणी फवारा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याने झाडे भाजल्याचीही उदाहरणे पुष्कळ आढळतात.

जास्वंदीच्या शेंड्यावर जे पांढरे कापसासारखे पुंजके दिसतात, ते पिठ्या ढेकणाचे असतात. साबणाचे पाणी त्याच्या अंगावरचे मेणचट आवरण आणि त्वचा यांना इजा करून त्याला मारते, पण केवळ अंगावर ओले पडले तरच. वाळलेल्या साबणाचा काही परिणाम होत नाही, म्हणून पानांच्या मागे आणि देठाच्या बेचक्यांत पोहोचेल असे फवारावे लागते. शेतीत यासाठी पोटॅशियमचा साबण वापरतात, कारण तो पानांना कमी त्रास देतो. घरातला तुकडा वापरायचाच असेल, तर तो कमी सुगंधाचा, खरा साबण असावा आणि एक लिटर पिण्याच्या पाण्यात पाच ते दहा ग्रॅमपेक्षा अधिक नसावा. वसंतकाकांनी बोअरवेलच्या पाण्याविषयी जे सांगितले, ते येथे अधिकच लागू आहे. त्या पाण्यात साबण साक्यात बसतो, फवारणीत काहीच उरत नाही आणि पंपाचे छिद्र बुजते ते वेगळेच.

आधी दोन-तीन पानांवर फवारून दोन दिवस वाट पाहावी. कडक उन्हात कधीही फवारू नये. संध्याकाळी फवारून दोन-तीन तासांनी साध्या पाण्याने झाड धुऊन काढावे. नेचे आणि लव असलेल्या पानांची झाडे यांना हे सोसत नाही. तुळशीवर आणि कोथिंबीर-पुदिन्यावर मी हे कधीच फवारत नाही, कारण ती पाने आपण खातो. तेथे पुंजके ओल्या फडक्याने पुसून काढणे हाच चांगला मार्ग.

कल्पना, शिवणकाम, कर्वेनगर

आमच्या धंद्यात साबणाच्या पातळ तुकड्याला फार मान आहे. काळ्या, निळ्या किंवा मरून कापडावर माप आखताना बाजारातल्या खडूची रेघ जाड उमटते आणि हाताने झटकली की पसरते. त्याऐवजी पांढऱ्या साबणाचा पूर्ण वाळलेला चपटा तुकडा घेतला, तर त्याच्या कडेने केसाएवढी बारीक आणि स्पष्ट रेघ येते. तुकडा आठवडाभर उन्हाआड पण वाऱ्यावर ठेवून खडखडीत वाळवावा. ओलसर असेल तर तो कापडाला चिकटतो. मग कात्रीच्या पात्याने किंवा सुरीने एक कड तिरकी तासून घ्यावी. ब्लाउजची मुंड्याची गोलाई किंवा टक्स आखताना ही तिरकी कड कापडावर हलकी टेकवून ओढली, की जोर द्यावा लागत नाही आणि कापड ताणले जात नाही. शिवून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसले तरी रेघ जाते.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. साबण पांढराच असावा, रंगीत नसावा. आणि रेशमी कापडावर आधी आतल्या शिलाईच्या जागी रेघ मारून पाहावी, कारण साबणातले तेल आणि सुगंध यांचा डाग पडू शकतो. याच कारणाने पैठणी किंवा जरीच्या साड्यांच्या घड्यांत वासासाठी साबण ठेवू नये, असे मी गिऱ्हाइकांना कळकळीने सांगते. रोजच्या सुती कपड्यांच्या कप्प्यात कागदात गुंडाळून ठेवायला हरकत नाही.

अडकणाऱ्या चेनच्या दातांवर हाच कोरडा तुकडा दोन-तीनदा फिरवला, की ती मोकळी सरकते. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडी ड्रॉवरच्या कडांनाही तो लावता येतो. लोखंडी स्क्रूला मात्र साबण लावू नये, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. तेथे मेणबत्ती बरी.

निखिल, सिंहगड रस्ता

डोंगरात चुलीवर स्वयंपाक करणाऱ्यांसाठी एक उपयोग. राजगड-तोरण्यासारख्या मुक्कामाच्या भटकंतीत पातेले सरपणावर चढवण्याआधी त्याच्या बाहेरून, तळाला आणि बाजूंना, ओला साबण चांगला चोळून घ्यावा. काजळी भांड्याऐवजी त्या थरावर बसते आणि नंतर थोड्या पाण्यात निघून जाते. गडावर टाक्यातले पाणी जपून वापरावे लागते, तेव्हा हे फार सोयीचे पडते. तुकडा बाहेरूनच लावावा, काठापासून दोन बोटे खाली थांबावे आणि धुतलेले पाणी टाक्यापासून लांब नेऊन टाकावे.

दुचाकीवरून पावसात जाणाऱ्यांनी हेल्मेटच्या काचेला आतून कोरड्या साबणाची बोटे ओढून मऊ फडक्याने ती पुसून काच पुन्हा लख्ख करावी. श्वासाने बाष्प धरत नाही. काचेवर आधीच विशेष लेप असेल, तर मात्र हे करू नये.

अनघा, सदाशिव पेठ

एक मुद्दा राहिला होता. हे तुकडे घरकामाला येणाऱ्या मावशींना ‘हात धुवायला’ म्हणून देण्याची पद्धत काही घरांत दिसते. ती मला पटत नाही. त्यांच्यासाठी बेसिनवर चांगली, अख्खी वडी ठेवावी आणि तुकडे आपण स्वतः वापरावेत. त्याचप्रमाणे घरात कोणाला गजकर्ण किंवा नायटा झाला असेल, तर त्या व्यक्तीचा साबण वेगळा ठेवावा आणि त्याचा तुकडा कशालाही जोडू नये. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषधी साबणही या डब्यात येऊ देऊ नयेत. ते औषध आहे, आणि ज्याला दिले त्यानेच ते संपवावे.

वसंत (निवृत्त), चिंचवड

अनघाताईंच्या शब्दन्‌शब्दाशी सहमत आहे.

मृणालताई, वेष्टन नसलेले तुकडे ओळखण्याचा प्रश्न राहिला होता. तुमच्याकडे बोअरवेलचे पाणी आहे, ते येथे उपयोगी पडेल. दोन स्वच्छ, पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. एकीत पिण्याचे आणि दुसरीत बोअरवेलचे पाणी अर्ध्यापर्यंत भरावे. शंका असलेल्या तुकड्याचा नखाएवढा किस दोन्हींत सारखाच टाकावा, तो विरघळेपर्यंत थांबावे आणि दोन्ही बाटल्या सारख्याच जोराने हलवाव्यात. खरा साबण असेल, तर पिण्याच्या पाण्यात उभा फेस येईल आणि बोअरवेलच्या पाण्यात फेस लवकर बसून पाणी दुधाळ, कणीदार दिसेल. दोन्ही बाटल्यांत जवळपास सारखाच फेस आला आणि बोअरवेलचे पाणीही स्वच्छ राहिले, तर तो तुकडा कृत्रिम फेसकारकाचा आहे. असे तुकडे वितळवायच्या किसात घालू नका, घोसाळ्याच्या जाळीत टाका. बोअरवेलच्या पाण्यात हात धुण्यासाठी खऱ्या साबणापेक्षा त्यांचाच फेस तुम्हाला अधिक मिळेल.